गुलाबाचा कांटा आणि त्याचें काम

गुलाबाच्या कांट्याविषयीं आपल्या लोकांत दोन समज रूढ आहेत. पहिला असा कीं, इतक्या सुंदर फुलाच्या वांट्यास कांटा आला ही सृष्टीची एक थट्टाच होय. दुसरा असा कीं, सुखाबरोबर दुःखही मुकाट्यानें सोसावें लागतें, याचा कांटा हा दाखला आहे. फूल हवें तर बोचणी सोसली पाहिजे. या दोन्ही समजांत कांट्याची बोचणी तेवढी लक्षांत घेतलेली आहे. त्याचें काम काय, हें कोणी विचारलेलें नाहीं. शेतकऱ्याची दृष्टि याहून निराळी असावी. झाड जी वस्तु आपल्या अन्नांतून खर्च करून निर्माण करतें, ती बहुधा कांहीं कामाची असते, हें त्यास शेताच्या रोजच्या हिशेबावरून सहज पटण्यासारखें आहे. यासाठीं कांटा म्हणजे काय, तो कोठून येतो, काय करतो, काय करूं शकत नाहीं, आणि तो काढून टाकला असतां काय होतें, याचा क्रमानें विचार आम्ही येथें करणार आहों. प्रपंचांत ज्यांस आपण कांटे म्हणतों त्यांनाही हाच हिशेब लागू पडतो कीं काय, तें शेवटीं पाहूं.

कांट्याचे तीन प्रकार

बोलण्यांत आपण टोंचणाऱ्या सर्वच भागांस कांटा म्हणतों. परंतु वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनें त्यांत तीन प्रकार आहेत, आणि तिन्ही प्रकारांचीं झाडें आपल्या शिवारांतच आढळतात.

पहिला प्रकार फांदीपासून झालेल्या कांट्यांचा. कागदी लिंबू व बेल यांचा कांटा पानाच्या बेचक्यांतून, म्हणजे एरवीं जेथून फांदी फुटावयाची तेथून निघतो. डाळिंबाच्या आखूड फांदीचें टोंकच टणक होऊन कांटा बनतें. अशा कांट्याच्या पोटांत लांकूड असतें. दुसरा प्रकार पानापासून, किंवा पानाच्या देठाशीं असणाऱ्या उपपर्णांपासून झालेल्या कांट्यांचा. बाभूळ व बोर यांचे कांटे पानाच्या बुडाशीं बहुधा जोडीनें असतात, ते यामुळेंच. फड्या निवडुंगाचे कांटे हीं त्याचीं रूप पालटलेलीं पानेंच होत. तिसरा प्रकार सालीपासून निघणाऱ्या कांट्यांचा. गुलाब, वांगें, पांगारा व कांटेसांवर हीं या वर्गांत येतात. येथें कांट्याचा फांदीशीं किंवा पानाशीं संबंध नसतो. सालीचा वरचा थर व त्याच्या लगत खालच्या पेशी वाढून त्यांचाच एक उंचवटा होतो आणि पुढें तो टणक बनतो. म्हणून गुलाबाचे कांटे पानाच्या बेचक्याशीं न येतां खोडावर विखुरलेले दिसतात.

हा भेद कोणासही घरच्या घरीं पडताळून पाहतां येईल. गुलाबाचा कांटा अंगठ्यानें आडवा दाबला असतां तो बुडापासून सुटून येतो व खालीं लांबट वण राहतो. आंतील लांकडास धक्का लागत नाहीं. लिंबाचा जुना कांटा तसाच मोडूं गेल्यास लांकूड फाटतें. एकाचा कांटा त्वचेचा आहे, दुसऱ्याचा अंगांतला आहे. हा भेद वाचकांनीं ध्यानांत ठेवावा; पुढें त्याचा उपयोग होणार आहे.

कांटा येतो कोठून

गुलाब व वांगें यांचें जवळचें नातें नाहीं, तरी दोघांसही सालीचे कांटे आहेत. असे कांटे वनस्पतींच्या निरनिराळ्या कुळांत निरनिराळ्या काळीं स्वतंत्रपणें उत्पन्न झालेले आहेत. इतक्या दूरच्या झाडांनीं एकच युक्ति कशी साधली, याचा पुष्कळसा उलगडा अलीकडे झाला आहे. अमेरिकेंतील कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेंतील शास्त्रज्ञांनीं इतर देशांतील सहकाऱ्यांसह केलेलें यासंबंधींचें संशोधन २०२४ सालीं 'सायन्स' या नियतकालिकांत प्रसिद्ध झालें. लागवडीचें बिनकांट्याचें वांगें व त्याचे रानटी कांटेरी भाईबंद यांत फरक कोठें आहे, हें शोधतां शोधतां ते एका जनुकापाशीं येऊन पोंचले. या जनुकाच्या कुळास 'लॉग' असें नांव आहे.

या जनुकाचें मूळ काम कांटे करण्याचें नव्हे. झाडांत सायटोकायनिन नांवाचें एक संप्रेरक असतें व तें पेशींची विभागणी आणि वाढ चालवितें. तें कामास येण्याजोगें करण्याची शेवटची पायरी हा जनुक पार पाडतो. भातावर काम करणाऱ्या जपानी शास्त्रज्ञांनीं २००७ सालीं त्याची प्रथम ओळख करून दिली, ती लोंबीच्या वाढीच्या संबंधांत होती. याच कुळांतील जनुक वांग्यांत बिघडला कीं कांटे येत नाहींत. गुलाबांत तो दाबला असतां कांटे येण्याचें कमी होतें. रानटी भाताच्या लांब कुसळांवर जे बारीक दांते असतात, तेही अशाच एका जनुकाचें काम असल्याचें २०१५ सालीं दाखविण्यांत आलें.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. कांटा ही बाहेरून येऊन झाडास चिकटलेली पीडा नव्हे. ज्या शक्तीनें कोंब फुटतो व लोंबी धरते, तिचाच थोडा अंश झाडानें आपल्या रक्षणाकडे वळविलेला असतो.

कांटा काय करतो

कांटा जनावरास पुरता अडवितो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु शेळी बोराटी खाते हें प्रत्येक गुराख्यास ठाऊक आहे, आणि उंट तर बाभळीवरच पोट भरतो. मग कांट्याचा उपयोग काय? दक्षिण आफ्रिकेंत शेळ्या व दोन जातींचीं रानहरणें यांच्या चरण्याचें बारकाईनें निरीक्षण करण्यांत आलें, व त्याचे निष्कर्ष १९८६ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांत असें दिसलें कीं, कांटेरी झाड जनावरें सोडून देत नाहींत. पण त्यांचा घांस लहान होतो आणि खाण्याचा वेग मंदावतो. कांटे काढून टाकलेल्या फांद्या तींच जनावरें भराभर ओरबाडून खातात. म्हणजे कांट्याचें खरें काम जनावरास हांकून लावण्याचें नसून त्याची घाई मोडण्याचें आहे. तेवढ्या अवधींत जनावर पुढें सरकतें, आणि झाडाचीं कांहीं पानें व शेंड्याचे डोळे वांचतात. झाडास पुन्हां फुटण्यास तेवढें पुरतें.

गुलाबाच्या पुष्कळ जातींत कांट्याचें टोंक खालच्या बाजूस वळलेलें असतें. फांदी तोंडांत धरून बुडाकडून शेंड्याकडे ओढणाऱ्या जनावराच्या ओठांत तो रुततो. या वळणाचा दुसराही एक उपयोग आहे. हिमालयांतील रानगुलाबाच्या वेलासारख्या जाती शेजारच्या झाडांवर चढतात. त्यांस द्राक्षासारखे ताणे नसतात किंवा पिंपळीसारखीं चिकटणारीं मुळेंही नसतात. फांदी वर वाढते, वाऱ्यानें किंचित् खालीं घसरूं लागते, आणि घसरतांना तिचा आंकडा दुसऱ्याच्या फांदीस अडकतो. घसरण थांबली कीं शेंडा पुन्हां वर जातो. जो कांटा खाणाऱ्यास विरोध करतो, तोच झाडास उजेडापर्यंत पोंचण्यास आधार देतो.

कांट्यास खर्चही आहे. तो करण्यांत जें अन्न जातें तें पानाफुलांस मिळत नाहीं. म्हणून कित्येक झाडें तो बेतानें खर्च करतात. केनियांत बाभळीच्या एका भाऊबंद जातीवर झालेलें काम या बाबतींत बोधप्रद आहे. शेळ्यांनीं खाल्लेल्या झाडांवर नवे कांटे अधिक लांब येतात, असें १९८७ सालीं प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांत आढळलें. आणि जेथें कुंपण घालून जनावरें दूर ठेवण्यांत आलीं, तेथें नवे कांटे आखूड होत गेले, असें पुढील प्रयोगांत दिसलें. गुलाबही इतक्या तत्परतेनें कांट्याचें माप बदलतो, असें आमचें म्हणणें नाहीं. पण धोका असेल तितकाच कांटा, हा नियम सृष्टींत आहे खरा. आपल्याकडील कांटेसांवर पाहावी. तरुणपणीं तिच्या खोडावर जाडजूड कांट्यांची दाटी असते; झाड मोठें होऊन खोड जुनें झालें कीं बुंध्यावरील कांटे झिजून बरेचसे नाहींसे होतात.

आणखी एक गोष्ट सर्वांच्या नजरेसमोर असूनही ध्यानांत येत नाहीं. गुलाबाचे कांटे खोडावर व फांद्यांवर असतात, पानांच्या देठांवर असतात, पण पाकळीवर नसतात. जेथें मधमाशी यावयाची, जेथें पुढील पिढीचा व्यवहार व्हावयाचा, ती जागा झाडानें मोकळी ठेविली आहे.

जें काम कांट्यास साधत नाहीं

कांटा हा मोठ्या तोंडासाठीं आहे. लहान तोंडापुढें त्याचा कांहीं इलाज चालत नाहीं. मावा, फुलकिडे व खवलेकीड हीं कांट्यांच्या मधून सुखानें वावरतात. भुरी व पानांवरील काळे ठिपके हे बुरशीचे रोग तर वाऱ्यानें व पाण्यानें येतात. गुलाबाचें झाड शेळीनें खाल्लें तर मालकास त्याच दिवशीं कळतें. खवलेकिडीनें फांदी सुकूं लागली तर ती सुकेपर्यंत कित्येकांस कळत नाहीं.

याचें सर्वांत ठळक उदाहरण फड्या निवडुंगाचें आहे. अमेरिकेंतून आलेलें हें झाड कांट्यांच्या बळावर दक्षिण हिंदुस्थानांत इतकें माजलें होतें कीं, त्यानें चांगल्या जमिनी अडविल्या. गुरें त्यास तोंड लावीत नसत, आणि माणसांनीं तोडावें तर तुकड्यातुकड्यांस पुन्हां मुळें फुटत. १९२६ सालीं सिलोनांतून, म्हणजे आजच्या श्रीलंकेंतून, पांढऱ्या कापसासारख्या आवरणाखालीं राहणारा एक बारीक किडा आणून त्यावर सोडण्यांत आला, आणि थोड्याच वर्षांत मोठमोठीं रानें निवडुंगापासून मोकळीं झालीं. गुरांस व कोयत्यास जो हार गेला नाहीं, तो कांटा बोटाच्या नखाहून लहान किड्यानें निकामी केला.

कांटा काढला असतां

मनुष्यानें झाडें लागवडीस आणलीं तेव्हां त्यानें जे अनेक फरक घडविले, त्यांत कांटा कमी करणें हा एक होता. वांग्याची लागवड करणाऱ्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या कमी कांट्यांचीं झाडें निवडलीं, भात पिकविणाऱ्यांनीं आखूड व गुळगुळीत कुसळांचीं. तोडणी सोपी झाली, मळणी सोपी झाली. तथापि कृष्णाकांठच्या कांटेरी वांग्यांस आजही गिऱ्हाईक आहे. देठावरचा कांटा ताठ असला म्हणजे वांगें ताजें, अशी बाजारांत पारख आहे.

गुलाबांतही बिनकांट्याच्या जाती आहेत. फ्रान्समध्यें १८६८ सालीं निघालेली 'झेफिरीन द्रूआँ' ही वेलीसारखी जात त्यांपैकीं प्रसिद्ध आहे. परंतु बिनकांट्याचें प्रत्येक झाड आंतूनही बिनकांट्याचें असतें असें नाहीं. गुलाबाच्याच कुळांतील ब्लॅकबेरीची एक जात अशी आहे कीं, तिची केवळ वरची त्वचा बिनकांट्याची असून आंतील भाग कांटेरी जातीचाच आहे. फांदीपासून रोप केलें तर तें गुळगुळीत येतें. पण मुळापासून धुमारा फुटला तर तो कांटे घेऊन येतो. मूळ वळण गेलेलें नसतें, फक्त झांकलेलें असतें.

येथें आमच्या लेखांतील मुख्य मुद्दा येतो. मनुष्यानें वांग्याचा कांटा काढला, तेव्हां वांग्यास राखण्याचें काम मनुष्याच्या अंगावर आलें. रानांतील कांटेरी वांगें स्वतःस सांभाळतें. मळ्यांतील वांग्यास कुंपण लागतें, राखणदार लागतो. मावळांत पॉलिहाउसांत वाढणाऱ्या गुलाबास शेळीचें भय नाहीं, तें कांट्यामुळें नव्हे; मालकानें छप्पर, भिंती व मजुरी यांवर जो खर्च केला आहे त्यामुळें. कांटा हें एक काम आहे. कांटा काढतां येतो, पण त्याचें काम काढून टाकतां येत नाहीं. तें दुसऱ्या कोणास तरी करावें लागतें. ज्यानें कांटा काढला त्यानें तें काम पत्करलें नाहीं, तर झाड उघडें पडतें.

बागाइतदारांसाठीं या दृष्टीनें चार सूचना येथें देतों.

पहिली सूचना छाटणीची. आपल्याकडे पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरांत गुलाबाची छाटणी करतात. जाड हातमोजे घालून, बाहेरच्या बाजूस तोंड असलेल्या डोळ्याच्या सुमारें पाव इंच वर किंचित् तिरपा काप द्यावा आणि मोठ्या कापांवर बोर्डो मलम लावावें. छाटलेल्या कांटेरी फांद्या वाफ्यांत पडूं देऊं नयेत. त्या पायास लागतात आणि रोगही राखून ठेवतात.

दुसरी सूचना खुंटाच्या धुमाऱ्यांची. डोळा भरलेल्या गुलाबाच्या सांध्याखालून खुंटाचे धुमारे फुटतात व ते कलमास उपाशी मारतात. ते ओळखण्यास कांटा उपयोगी पडतो. खुंटाचे कांटे आकारानें, रंगानें व दाटीनें कलमाहून निराळे असतात. बहुतेक ठिकाणीं पानांतील पर्णिकाही कलमाच्या पानापेक्षां अधिक दिसतात. असा धुमारा वरवर छाटूं नये. माती उकरून तो जेथून निघाला तेथून काढावा.

तिसरी सूचना विक्रीच्या फुलांची. दांड्याच्या खालच्या भागाचे कांटे काढावयाचे असल्यास साल सोलली जाणार नाहीं अशा बेतानें काढावे. साल फाटली कीं तेथून सूक्ष्म जंतु शिरतात, पाणी वर चढण्यास अडथळा होतो व फूल लवकर मान टाकतें.

चौथी सूचना सर्वांत महत्त्वाची. कांटा बोचल्यास तो पुरता काढून जखम साबणानें धुवावी, आणि धनुर्वाताची लस घेतलेली नसल्यास ती घ्यावी. माती व कुजका पालापाचोळा यांत राहणारी स्पोरोथ्रिक्स नांवाची बुरशी कांट्याच्या वाटेनें अंगांत शिरते. अमेरिकेंतील बाल्टिमोर येथें १८९८ सालीं या रोगाचें प्रथम वर्णन झालें. बोचल्या जागीं कांहीं आठवड्यांनीं गांठ येते, ती फुटते, आणि हातावरून वर ओळीनें आणखी गांठी उठतात. ही गांठ घरगुती लेपानें जात नाहीं. डॉक्टरी औषध महिनोन्‌महिने घ्यावें लागतें, व घेतलें तर रोग बरा होतो. कांट्याचा नायटा होतो ही म्हण या ठिकाणीं अक्षरशः खरी आहे.

प्रपंचांतील कांटे

आतां मनुष्याच्या व्यवहाराकडे वळूं. खातेदार शेतकऱ्याच्या आयुष्यांत कांट्याचें काम कोण करतें? त्याचा 'नाहीं' हा शब्द, त्याचा बांध, त्याचे कागद आणि त्याचा हिशेब. कोणी जामीन राहावयास बोलावितो. कोणी कोऱ्या कागदावर सही मागतो, "घरचाच मामला आहे" म्हणून. अशा वेळीं 'आधीं वाचून पाहतों, दोन दिवसांनीं सांगतों' हें उत्तर मागणाऱ्यास बोचतें. पण गुलाबाचा कांटाही जनावरास हांकलीत नाहीं, घाई मोडतो इतकेंच, हें आपण पाहिलें. दोन दिवसांची सवड हाच शेतकऱ्याचा कांटा होय. घाईनें मारलेला घांस तेवढ्यानें लहान होतो, आणि खऱ्या गरजेनें आलेला मनुष्य दोन दिवसांनीं पुन्हां येतोच.

हा कांटा नसला म्हणजे काय होतें, हें आपल्या दख्खनच्या इतिहासांत लिहिलेलें आहे. मजकूर न समजतां करून दिलेल्या रोख्यांवर कर्ज फुगत गेलें, जमिनी सावकारांकडे जाऊं लागल्या, आणि १८७५ सालच्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथून दंगे उसळून शेतकऱ्यांनीं रोखे जाळले. सही करतांना जो कांटा असावयाचा, तो नव्हता. म्हणून तो पुढें आगीच्या रूपानें आला, आणि त्यानें अनेकांस तुरुंग दाखविला. १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा जो कायदा झाला, त्यानें कोर्टास रोख्याच्या मागील सर्व व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला व शेतकऱ्याचे दस्तऐवज नोंदविण्याची व्यवस्था केली. हा कायद्यानें लाविलेला कांटा होता. जें काम खातेदारास एकट्यानें साधलें नाहीं, तें दुसऱ्यास पत्करावें लागलें.

सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा १९०४ सालीं झाला. तेव्हांपासून सभासदांची एक तक्रार कायम आहे, ती अशी कीं, सोसायटीचे नियम फार जाचतात: कर्जाचें कारण लिहा, जामीन द्या, मुदत पाळा. या नियमांस आम्ही गुलाबाच्या आंकड्याची उपमा देऊं. ते बोचतात खरे, पण घसरतांना तेच अडकवून धरतात. जेथें ओळखीनें नियम बाजूस ठेवण्याची वहिवाट पडली, तेथें संस्था बुडाली व तिच्याबरोबर ठेवी बुडाल्या, हें अनेक गांवांनीं पाहिलें आहे. नियम ढिला करणाऱ्या पंचांनीं, 'मग राखण कोण करणार?' हा प्रश्न आधीं स्वतःस विचारावा.

मात्र कांटा योग्य जातीचा असावा. लिंबाचा कांटा अंगांतून येतो व मोडतांना लांकूड फाडतो; गुलाबाचा त्वचेचा आहे. शेजाऱ्यानें बांध कोरला तर शिव्या, मारामारी व पिढीजात वैर हा अंगांतला कांटा झाला. त्यांत दोन्ही घरें फाटतात. रीतसर मोजणी आणून, हद्दीच्या खुणा कायम करून, कागद जपून ठेवणें हा त्वचेचा कांटा. तो टणक असतो, पण त्यांत द्वेष नसतो. ज्याची मोजणी झालेली आहे, त्यास शेजाऱ्याशीं गोड बोलणें परवडतें. ज्यापाशीं कागद नाहीं, त्यालाच जिभेचे कांटे लांब करावे लागतात.

त्याचप्रमाणें कांटा योग्य जागीं असावा. बाजारांत, कचेरींत व व्यापाऱ्यापुढें ज्याच्या तोंडून 'नाहीं' निघत नाहीं, तोच घरीं आल्यावर बायकामुलांवर खेंकसतो, असें पुष्कळदां दिसतें. त्याच्या खोडावर कांटे नाहींत, सर्व पाकळ्यांवर आहेत. अशा घरांत मुलगा बापाजवळ नुकसानीची गोष्ट काढीत नाहीं. भाऊ भावास कर्ज किती झालें तें सांगत नाहीं. कर्ता पुरुष बँकेची नोटीस उशाखालीं ठेवून निजतो आणि घरच्या लक्ष्मीस तिचा पत्ता नसतो. माव्याप्रमाणें हें दुःख बारीक असतें व कांट्यांच्या आंत वाढतें. बाहेरचा कोणताही कांटा त्यास अडवूं शकत नाहीं. त्यावर एकच उपाय आहे. तो म्हणजे घरांत तें उघड बोलतां येणें. कर्जाच्या व नापिकीच्या काळजीनें आपल्या प्रांतांत किती घरें उजाड झालीं, हें वाचकांस सांगावयास नको. त्यांपैकीं कित्येक घरांत ती काळजी वेळीं कोणास तरी सांगतां आली असती, तर मार्ग निघाला असता, असें आम्हांस वाटतें. यासाठीं प्रत्येक खातेदारानें वर्षांतून एकदां, सुगी आटोपल्यावर, घरांतील सर्व जाणत्या स्त्रीपुरुषांसमोर देण्याघेण्याचा पुरा हिशेब वाचून दाखविण्याची चाल पाडावी. आंकडा वाईट असला तरी वाचावा. ऐकणाऱ्यांनींही त्या वेळीं दोष देऊं नये. ती जागा पाकळीची आहे.

शेवटीं ज्या वडीलधाऱ्यांच्या हातीं पुढची पिढी वाढत आहे, त्यांस एक गोष्ट सांगावीशी वाटते. मुलाच्या वाटेंतील प्रत्येक कांटा वेंचण्याची आपली इच्छा स्वाभाविक आहे. त्यास शेतांत राबविलें नाहीं, बाजारांत पाठविलें नाहीं, हिशेब दाखविला नाहीं, तर तो पॉलिहाउसांतील फुलासारखा निर्मळ वाढेल, यांत संशय नाहीं. परंतु त्याचें छप्पर आपण आहों, आणि आपण कायमचे नाहीं. तेव्हां त्याचा कांटा काढण्याऐवजीं तो योग्य जागीं, योग्य मापाचा व त्वचेचा कसा राहील, हें त्यास शिकविणें अधिक श्रेयस्कर होय. कांटेसांवरीचें खोड बळकट झाल्यावर तिचे कांटे जसे आपोआप झिजतात, तसें मनुष्याचेंही होतें. ज्याचें खोड भक्कम झालें, त्यास फार बोचावें लागत नाहीं.

येत्या छाटणीस गुलाबापाशीं बसाल, तेव्हां कांट्यास नांवें ठेवण्यापूर्वीं तो कोणतें काम करीत आहे, हें बंधूंनीं पाहावें. आणि घरांतला, बांधावरचा किंवा सोसायटींतला एखादा कांटा काढावयाचा असेल, तर त्याचें काम उद्यांपासून कोण करणार, हें आधीं ठरवावें.